देवीच्या तोंडून सुनेचे गाऱ्हाणे: कोकणातल्या बायका, अंगात येणे आणि उसनी सत्ता

नवरात्र बसले किंवा शिमग्याच्या पालख्या निघाल्या की अंगात आलेल्या बायकांच्या चित्रफिती मोबाईलवरून फिरू लागतात आणि त्यांच्याखाली दरवर्षीचा ठरलेला वाद सुरू होतो. एक पक्ष हात जोडतो, दुसरा पक्ष जादूटोणाविरोधी कायदा दाखवतो, आणि दोन दिवसांत विषय विसरला जातो. ज्यांच्या अंगात येते त्यांत बायकाच जास्त का, त्यांतही नव्या सुना, विधवा आणि मूल नसलेल्या स्त्रियाच वारंवार का दिसतात, आणि देवी त्यांच्या तोंडून नेमके काय मागते, हे प्रश्न मात्र या वादात सहसा कोणी विचारत नाही. इतिहास आणि मानववंशशास्त्र यांच्या अभ्यासकांनी त्यांचा बराच विचार केला आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, ज्या समाजात बाईला स्वतःच्या नावाने तक्रार करता येत नाही, तेथे ती देवाच्या, भुताच्या किंवा शापाच्या नावाने तक्रार करते. कोकणात हे कसे घडत असे, त्याचा फायदा कुठवर होत असे आणि ते कोठे उलटत असे, ते या लेखात पाहू.

आधी चार शब्द

लोकजादू म्हणजे पोथी आणि पुरोहित यांच्या बाहेर, घरात आणि वाडीत चालणारे असे विधी, ज्यांनी अदृश्य शक्तीकडून काम करून घेता येते अशी समजूत असते. दृष्ट काढणे, उतारा टाकणे, नवस बोलणे, शाप देणे हे सारे त्यात आले. ज्या माणसाच्या अंगात देवाचा संचार होतो त्याला दक्षिण कोकणात ‘झाड’ म्हणतात. भूतबाधेचे निदान करून ती उतरवणारा तो घाडी. रायगड-पालघरकडे हेच काम भगत करतो. देवाला प्रश्न विचारून होकार किंवा नकार मिळवणे म्हणजे कौल लावणे. त्यासाठी ओल्या पाकळ्या किंवा कळे मूर्तीला चिकटवतात. उजवीकडचा आधी पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. आणि गाऱ्हाणे म्हणजे देवापुढे मोठ्याने, चारचौघांच्या साक्षीने मांडलेली तक्रार. ‘कोणी काय वाकडा-नाकडा केला आसात, तर तेचो निवाडो कर रे म्हाराजा’ असे गुरव किंवा मानकरी म्हणतो आणि जमलेली मंडळी ‘व्हय म्हाराजा’ म्हणून साथ देतात. गाऱ्हाण्याची रचना पाहिली तर ती थेट न्यायसभेसारखी आहे: फिर्याद आहे, साक्षीदार आहेत आणि निवाडा करणाराही आहे. गावच्या खऱ्या न्यायसभेत जिला बसायला जागा नव्हती तिला देवाच्या या सभेची ओढ वाटली, हे नवल नव्हे.

तिला बोलायला जागा कुठे होती?

एकोणिसाव्या शतकातील कोकणी घराचे चित्र डोळ्यांपुढे आणले पाहिजे. मुलगी लहानपणीच लग्न होऊन सासरी येई. नवऱ्याचे नाव घेण्याची तिला मुभा नसे आणि वडीलधाऱ्यांपुढे मान वर करून बोलण्याचा प्रश्नच नसे. विधवा झाली तर वरच्या म्हणवणाऱ्या जातींत केशवपन आणि कोपऱ्यातली खोली तिच्या वाट्याला येई. शेतकरी आणि कष्टकरी जातींत पाट लावण्याची, म्हणजे पुनर्विवाहाची, सोय होती, पण घरातील हुकूम तेथेही पुरुषांचा आणि त्यांच्या खालोखाल सासूचा चाले. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत विधवेला हक्काचे असे फारसे काही नसे, असे ते पोटापुरते अन्नवस्त्र. पतीच्या मालमत्तेत तिला मर्यादित वाटा मिळाला तो १९३७ च्या कायद्याने, आणि पूर्ण मालकी मिळण्यासाठी १९५६ चा हिंदू वारसा कायदा यावा लागला.

त्यात कोकणाची एक खास अडचण होती. मुंबईत १८५० च्या दशकात पहिली कापडगिरणी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत रत्नागिरीकडचे तरुण गिरण्यांत, गोदीत आणि बोटींवर निघून गेले. मागे राहिली ती सासू, दीर, जावा आणि मनीऑर्डरची वाट पाहणारी सून. पुरुष बाहेर आणि बायका गावात ही विभागणी इतकी खोल रुजली की २०११ च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. ज्याच्याकडे रात्री हळूच तक्रार करायची तो नवराच शेकडो मैल दूर, पत्र लिहायला अक्षर येत नाही, माहेर दोन खाड्या ओलांडून पलीकडे. अशा बाईला छळाविरुद्ध दाद मागायची तर ती कोणाकडे?

देवी बोलते तेव्हा घरात काय घडते

आता प्रसंग जवळून पाहू. आरती चाललेली असते, ढोल तापलेला असतो, उदाचा धूर कोंदलेला असतो. कोपऱ्यात उभी असलेली सून आधी थरथरते, मग घुमू लागते. तिचे केस सुटतात. एरवी केस मोकळे सोडणे हा बेशिस्तपणा ठरला असता. या घटकेला तो देवीचा संचार ठरतो. ती नवऱ्याला नावाने हाक मारते, सासऱ्याला एकेरीवर येते, सासूकडे बोट दाखवून ‘माझ्या झाडाला उपाशी ठेवतेस काय’ असे दरडावते. आणि सकाळी जिने तिला पेजेत मीठ जास्त पडले म्हणून बोल लावला तीच सासू पुढे होऊन हळदकुंकू लावते, खणानारळाने ओटी भरते आणि ‘चुकला-माकला पदरात घे गो माये’ म्हणून नाक घासते.

या सगळ्यात काय काय उलटेपालटे झाले ते मोजून पाहावे. सून खाली बसली होती ती उभी राहिली; तिला ‘अगं’ म्हणणारे तिला ‘माये’ म्हणू लागले; जी ऐकत होती ती बोलू लागली. मागण्याही बहुतेक वेळा अगदी घरगुती असतात. हिला माहेरी पाठवा, हिच्यावर हात टाकू नका, नवे लुगडे द्या, मुंबईला गेलेल्याला बोलावून घ्या. बाधा देवीची नसून भुताची आहे असे ठरले तरी क्रम तोच राहतो. घाडी विचारतो, ‘तू कोण, कुठली, कशाला धरलेस, काय घेऊन सोडशील?’ आणि भूत उत्तर देते. सुनेला घरात दुसऱ्या कोणी इतके सरळ विचारलेले नसते की तुला काय हवे आहे. मला तर या विधीतला हा प्रश्नच सर्वांत मोलाचा वाटतो.

ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ आय. एम. लुईस यांनी सोमालियातील अशाच प्रकारावरून १९६० च्या दशकात एक सिद्धान्त मांडला. तेथे विवाहित स्त्रियांना ‘सार’ नावाचे पिशाच धरते आणि ते नवऱ्याकडून अत्तर, उंची वस्त्र आणि गोडधोड मागते. लुईस यांच्या मते ज्यांना उघड सत्ता नाही त्यांचा हा आडवळणाचा निषेध आहे. मागणी भुताची असल्यामुळे नवऱ्याला ती पुरवताना कमीपणा येत नाही आणि बायकोवर उद्धटपणाचा आरोपही येत नाही. कोकणातली ओटी आणि सोमालियातले अत्तर यांत अंतर असले तरी व्यवहाराचे सूत्र एकच आहे: जे बोलले गेले त्याची जबाबदारी बोलणारीवर येत नाही.

मेल्यानंतरचा धाक

जिवंत बाईपेक्षा मेलेल्या बाईला कोकण जास्त भिऊन असे, आणि या भीतीचे वर्गीकरण पाहण्यासारखे आहे. ए. एम. टी. जॅक्सन या इंग्रज अधिकाऱ्याने गावोगावच्या शाळामास्तरांना प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. हा जॅक्सन म्हणजे नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याचा अनंत कान्हेरे यांनी १९०९ साली वध केला. त्याच्या पश्चात १९१५ मध्ये या टिपणांचा कोकणावरचा भाग प्रसिद्ध झाला. अशा नोंदींत पुरुषांची भुते जात, धर्म, मुंज अशा खुणांनी ओळखली जातात, तर बायकांची भुते जवळजवळ सगळी नवरा आणि बाळंतपण यांवरून. नवरा हयात असताना मेलेली ती जखीण, विधवेची ती लावसट, बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली ती हडळ किंवा अळवंतीण. गावागणिक व्याख्या थोड्या सरकतात. सूत्र सरकत नाही. ज्या स्थितीत बाईला सर्वांत जास्त सोसावे लागे, नेमक्या त्याच स्थितीत मेलेली बाई परत येऊन घराला धरते, असे गाव मानत होते. म्हणजे आपण काय केले आहे हे गावाला मनातून ठाऊक होते, असे म्हटले तर ते फार वावगे होऊ नये.

ही भीती नुसती गोष्टींत राहत नसे, ती खर्चात उतरे. बाळंतपणात गेलेल्या बाईच्या प्रेतामागे राळ्याचे दाणे टाकीत जात, कारण ते सगळे वेचल्याशिवाय तिला घरी परतता येत नाही अशी समजूत होती. पितृपंधरवड्यातील नवमी ही अविधवा नवमी म्हणून नवऱ्याआधी गेलेल्या सवाष्णींसाठी राखलेली असे आणि त्या दिवशी सवाष्ण जेवू घालीत. सर्वांत बोलका नमुना सवतीच्या टाकाचा आहे. पहिली बायको वारल्यावर पुरुषाने दुसरे लग्न केले की, मेलेलीच्या नावाचा सोन्याचा किंवा चांदीचा छोटा टाक घडवून दुसरी तो गळ्यात घाली. नवे लुगडे आले की आधी त्या टाकाला दाखवायचे, मग स्वतः नेसायचे. जिला जिवंतपणी नवे वस्त्र मागताना दहादा विचार करावा लागला असेल तिला मेल्यावर पहिला मान मिळे, आणि तिच्या छळाची किंमत घरातली दुसरी बाई रोज गळ्यात वागवी. येथे न्याय होतो खरा, पण त्याचा भार ज्याने लग्न केले त्याच्या गळ्यात पडत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

जिवंतपणी या धाकाचा वापर होई तो तळतळाटाच्या रूपाने. कडाकडा बोटे मोडून ‘तुझ्या सात पिढ्यांना भोवेल’ असे म्हणणारी निराधार बाई, किंवा ‘मी मेल्यावर जखीण होऊन बसेन’ असे बजावणारी सून, यांच्या हाती तेवढेच शस्त्र होते. वाट्याच्या जमिनीवरून भाऊबंदांनी हुसकलेल्या विधवेने देवीच्या दारात नारळ ठेवून सांगणे घातले, तर ती जमीन कसणाऱ्याच्या घरी पुढे जे काही दुखणेखुपणे येईल ते त्या नारळाच्या खाती जमा होई, आणि वर्षा-दोन वर्षांनी तडजोडीची भाषा सुरू होई.

चुलीजवळची जादू

दृष्ट काढणे हे मात्र पूर्णपणे बायकांच्या हातातले. मीठ, मोहरी आणि सुक्या मिरच्या मुठीत घेऊन ‘आल्याची, गेल्याची, घरच्याची, दारच्याची’ असे पुटपुटत मुलावरून उतरवायच्या आणि चुलीत टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट कडक होती असे समजायचे. मूल सुकले की पहिला बोल आईला लागतो, तिच्या दुधाला, तिच्या पायगुणाला. दृष्ट काढली की दोष घराबाहेर जातो. आई सुटते, पण सुटते ती दुसऱ्या कोणाच्या तरी नजरेवर ठपका ठेवून, आणि ती नजर बहुधा मूल नसलेल्या शेजारणीची किंवा विधवेची ठरते.

‘हे सगळे ढोंगच नव्हते का?’

हा आक्षेप हमखास येतो. काही वेळा सोंग असेलही. पण बहुतेक वेळा ‘ती खोटे वागत होती’ आणि ‘खरोखर देवी आली होती’ याशिवाय तिसरी शक्यता असते. तीव्र ताण, ढोल, धूर, उपास आणि आजूबाजूच्यांची अपेक्षा यांच्या एकत्र परिणामाने माणसाची नेहमीची जाणीव बाजूला सरू शकते आणि दडपलेले बोल बाहेर येऊ शकतात. नंतर ते आठवतही नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात अशा संचारावस्थेची नोंद आहे, पण धार्मिक विधीच्या चौकटीत, समाजाने स्वीकारलेल्या रीतीने आलेला संचार तेथे आजार मानलेला नाही. इच्छेविरुद्ध येणारा आणि रोजचे जगणे विस्कटणारा तेवढा आजार. त्यामुळे सुनेने ‘योजना आखून’ सासूला नमवले असे समजणे चूक ठरेल. लुईस यांच्यावर पुढच्या अभ्यासकांनी हाच आक्षेप घेतला. सुदानमध्ये काम केलेल्या जॅनिस बॉडी यांचे म्हणणे असे की, बायकांची श्रद्धा ही केवळ डावपेच म्हणून पाहिली तर त्या स्वतःच्या आयुष्याचा जो अर्थ लावतात तो आपल्या हातून निसटतो. मला दोन्ही बाजू एकमेकींना पूरक वाटतात: श्रद्धा खरी असते म्हणूनच तिचा उपयोग होतो.

मग किल्ली कोणाकडे?

ही सत्ता लग्नाला उसन्या आणलेल्या दागिन्यांसारखी होती. मांडवात मिरवताना मान मिळतो, पण दागिने कधी द्यायचे आणि कधी परत मागायचे हे मालक ठरवतो. कोकणच्या गावऱ्हाटीत, म्हणजे गावच्या देवस्थानाभोवती बांधलेल्या मानपानाच्या व्यवस्थेत, देवता पाहाव्यात तर त्यांत बायका पुष्कळ आहेत: सातेरी, भूमिका, माउली, पावणाई, भगवती. पण त्यांचे तरंग, म्हणजे देवतेचे प्रतीक असलेले सजवलेले खांब, उचलणारे पुरुष, मानाचे झाड बहुतेक ठिकाणी पुरुष, गाऱ्हाणे घालणारे पुरुष आणि कौलाचा अर्थ सांगणारेही पुरुष. सुनेच्या अंगात आले ती देवी की लावसट, हे घाडी ठरवी. देवी ठरली तर ओटी. लावसट ठरली तर मिरच्यांची धुरी आणि निरगुडीचा फोक. तोच संचार, तीच बाई आणि तेच गाऱ्हाणे असूनही शिक्का मारणाऱ्यावर सारे अवलंबून राही. उत्तर कोकणात याला एक सुखद अपवाद आहे. आगरी-कोळ्यांत धवलारीण आणि वारली आदिवासींत धवलेरी लग्न लावते, आणि हा तिचा मान झपाटण्यातून आलेला नसतो, तो तिच्या मुखपाठ गाण्यांतून, म्हणजे विद्येतून आलेला असतो. अशी हक्काची जागा जेथे होती तेथेही भगत मात्र पुरुषच राहिला.

शिक्का उलटा पडला की बाई चेटकीण ठरे, पालघरकडे भुताळी. ज्या भीतीने विधवेला वाटा मिळे त्याच भीतीने तिला गावाबाहेरही काढता येई. तिच्या शापात ताकद आहे हे एकदा मान्य केले की वाडीत मेलेल्या प्रत्येक गुराचा हिशेब तिच्याकडे मागायला मोकळीक मिळते. राज्यकर्त्यांनीही ही भीती पाळली. पेशवाईत चेटूक हा सरकारने दखल घेण्याजोगा गुन्हा होता. गोव्यातील पोर्तुगिजांच्या इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मपीठाने, १७३६ साली काढलेल्या जाहीरनाम्यात बाटलेल्या घरांतील ज्या चालींवर बंदी घातली, त्यांत अंगणातली तुळस आणि लग्नात बायकांनी म्हणायच्या ओव्याही होत्या. तुळशीला पाणी घालणारी बाई धर्मपीठाला धोक्याची वाटावी, यात बायकांच्या घरगुती विधींना सत्तेने किती वजन दिले होते ते दिसते.

‘याने बदलले तरी काय?’

एकेका बाईपुरते पुष्कळ, नियमापुरते काहीच नाही. अंगात आल्यावर सून पंधरा दिवस माहेरी जाऊन येई. पण सुनेने माहेरी जाण्यासाठी परवानगी घ्यावी हा नियम तसाच राही. लावसटीच्या भीतीने एखाद्या विधवेला पोटभर मिळे; केशवपन थांबत नसे. नियमाला हात घालणारी माणसे वेगळ्या वाटेने आली. मूळच्या देवरुखच्या गोदूबाई या पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेत शिकलेल्या विधवा. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली त्यांच्याशी पुनर्विवाह केला, तेव्हा दापोलीजवळच्या मुरुड गावाने आपल्याच माणसावर बहिष्कार टाकला. अंगात आलेल्या सुनेपुढे नाक घासणारे कोकण, शुद्धीवर राहून स्वतःच्या नावाने लग्न करणाऱ्या विधवेला मात्र क्षमा करायला तयार नव्हते. लोकजादूने होणारा निषेध गावाला का चालत असे, याचे उत्तर या फरकात आहे: तो निषेध कोणाचाच नसे, म्हणून त्याला उत्तर देण्याची गरज पडत नसे.

आज अंगात आले तर तो गुन्हा आहे का?

नुसते अंगात येणे हा गुन्हा नाही. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यावर चार दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याचा कायदा झाला. या कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे, अंगात शक्ती संचारल्याचा आभास निर्माण करून इतरांना भीती घालणे किंवा सांगितलेले न ऐकल्यास वाईट होईल असे धमकावणे हा गुन्हा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे, एखादी व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने गुरांचे दूध आटवते असे पसरवणे, हेही गुन्हेच आहेत. मूल न होणाऱ्या स्त्रीला दैवी शक्तीचे आमिष दाखवून तिच्याशी लैंगिक संबंध ठेवणारा भोंदूही याच अनुसूचीत येतो. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे कैद आणि पाच ते पन्नास हजार रुपये दंड. यादी नीट वाचली तर ध्यानात येते की कायद्याचा रोख घुमणाऱ्या सुनेपेक्षा तिला धुरी देणाऱ्यावर आणि तिला चेटकीण ठरवणाऱ्यावर अधिक आहे.

घुमणे वारंवार, नको असताना आणि विधीबाहेर होत असेल तर मानसोपचार उपलब्ध आहेत. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहेच. घरात मारहाण होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवता येते, आणि तेथे गाऱ्हाणे घालणारीला ते स्वतःच्या नावाने आणि सहीने घालता येते.